जुन्या घराची मोरी सारखी तुंबते: गावभाग, सांगली. लाइन १९५८ ची आहे, काय करावं?

गावभागकर
४ जून, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. वर्षभर जे चाललंय ते आज सविस्तर मांडतो. घरात दुसरं बोलणंच उरलेलं नाही.

घर सांगलीत गावभागात, आजोबांनी १९५८ साली बांधलेलं. रुंदी १८ फूट, लांबी ८५. पुढं सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी, परस आणि परसाच्या टोकाला संडास. १९९६ साली वर दोन खोल्या चढवल्या, तिथं एक संडास-बाथरूम आहे. सगळं सांडपाणी मागून पुढं येतं. परसातून बाजूच्या बोळात, बोळातून सोप्याखालून दारापर्यंत आणि तिथून रस्त्याच्या लाइनला. पाईप जुने, खापरी. सहा इंची.

वर्षात पाच वेळा प्लंबर आला. स्प्रिंग मारतो, म्हणजे लांब लवचिक तार पाईपात घालून फिरवतो, पाणी भसकन निघून जातं, हजार रुपये देतो आम्ही, आणि तीन आठवड्यांत न्हाणीत पुन्हा पाणी साठायला लागतं. गेल्या गुरुवारी पाहुणे जेवायला बसले होते आणि वरच्या कुणीतरी फ्लश ओढला. न्हाणीच्या जाळीतून काळं पाणी वर आलं ते उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात. आई ७८ वर्षांची आहे. तिनं पदर खोचला आणि एकटीच पोतं घेऊन पाणी अडवत बसली. ते बघवलं नाही.

एका ठेकेदारानं सांगितलंय की पूर्ण लाइन उखडून नवी टाका, दीड लाख. सोप्यातली जुनी शहाबादी फोडावी लागेल. ती फोडायला जीव होत नाही. अनुभवी लोकांनी मार्ग सांगावा.

कुपवाडचा_वर्कशॉपवाला
४ जून, रात्री ९:४८

दादा, आम्ही महिन्याला एकदा रात्री फरशीचं ॲसिड ओततो बाटलीभर, सकाळी गरम पाणी. आमचं तुंबत नाही. आधी हा स्वस्तातला उपाय करून बघा, मग दीड लाखाचं.

मिरजेचा_मिस्त्री
४ जून, रात्री १०:३०

२६ वर्षं हेच काम करतोय म्हणून हात जोडून सांगतो, ॲसिड ओतू नका.

जुना पाईप म्हणजे चिनी मातीचा, वरून तपकिरी झिलई असलेला. लोणच्याची बरणी असते ना, त्याच जातीचा. बरणीला जसं आंबट-खारट काही करत नाही, तसं या पाईपला ॲसिड काही करत नाही. साठ वर्षं झाली तरी तो गंजत नाही, झिजत नाही. पण त्याचा एक तुकडा दोन-अडीच फुटांचाच असतो. तुमच्या ८५ फुटांत तीस-पस्तीस जोड तरी असणार. प्रत्येक जोडात सुतळी ठासून वरून सिमेंट भरलेलं. ॲसिड बरणीला सोडतं आणि सिमेंट खातं. म्हणजे तुम्ही पैसे देऊन जोड उघडे करताय. आणि तुंबलेली जागा चाळीस फुटांवर असली तर तिथं पोचेपर्यंत ॲसिडचं पाणी झालेलं असतं.

दुसरं, घरात एकानं ॲसिड ओतलं आणि दुसऱ्यानं त्यावर ब्लीचिंग टाकलं तर क्लोरीन वायू होतो. बंद न्हाणीत तो जिवावर बेततो. आणि तुंबलेल्या मोरीत ॲसिड किंवा कॉस्टिकची पावडर टाकून ठेवली असेल तर आमच्यासारख्याला आधी सांगा. कुणी सांगत नाही, आम्ही हात घालतो. माझ्या डाव्या मनगटावर डाग आहे तो तसलाच.

एक विचारतो गावभागकर. स्प्रिंगच्या टोकाला काय निघत होतं?

गावभागकर
५ जून, सकाळी ७:१५

केसांचा गुंता निघायचा. काळे, लांब. प्लंबर म्हणायचा, घरात बायकामाणसं जास्त, केस मोरीत जातात. आम्ही जाळीवर बारीक जाळी पण लावली त्यानंतर. फरक पडला नाही.

मिरजेचा_मिस्त्री
५ जून, सकाळी ८:०२

पुढच्या वेळी त्यातला एक केस घ्या आणि नखानं खरवडा. काळं साल निघून आतून पांढरं दिसलं तर तो केस नाही, मुळी आहे. जळवून बघितलं तरी कळतं, केसाला केसाचा वास येतो. शेजारी झाड कुठलं आहे?

निवृत्त_ओव्हरसियर
५ जून, सकाळी ११:२०

मिस्त्रींनी बरोबर जागी बोट ठेवलंय. झाडाचं उत्तर द्याच, पण त्याबरोबर अजून काही सांगा, म्हणजे घर न बघताही बरंचसं कळेल.

लाइनवर चेंबर किती आणि कुठं? पाणी उलटतं तेव्हा कुठलं चेंबर भरलेलं आणि कुठलं रिकामं असतं, हे कधी उघडून बघितलंय का? वरच्या मजल्याचा फ्लश ओढला की खालच्या न्हाणीत गडगड होते का? पावसात त्रास वाढतो की उन्हाळ्यात? आणि बोळातून लाइन वळते कुठं कुठं?

गंमत म्हणून विचारत नाहीये. माझ्या नोकरीची बरीच वर्षं अशा लाइनींवर गेली. लोक तुंबलेलं काढतात आणि थांबतात. लाइन कुठून कुठं जाते ते घरात कुणालाच माहीत नसतं. ज्यांना माहीत होतं ती पिढी गेली, आणि नकाशा कुणी काढलेला नसतो. पहिलं काम, लाइन शोधा. फोडाफोडीचा निर्णय त्यानंतर.

गावभागकर
५ जून, रात्री ८:४०

काका, सगळं आज बघून आलो.

चेंबर दोन. एक परसात न्हाणीच्या मागं, एक पुढं दाराशी. आज न्हाणी निम्मी तुंबलेलीच होती म्हणून दोन्ही उघडली. परसातलं काठोकाठ. दाराशी असलेलं जवळजवळ कोरडं, तळाला बोटभर पाणी. फ्लश ओढला की गडगड होते, हो. त्रास उन्हाळ्यात वाढतो, फेब्रुवारीनंतर.

परसाच्या चेंबरपासून लाइन काटकोनात बोळात शिरते, बोळातून साधारण २५ फूट पुढं येऊन पुन्हा काटकोनात सोप्याखाली. बोळापलीकडं शेजाऱ्यांचा उंबर आहे. आजोबांनी घर बांधलं तेव्हापासून उभा आहे, खाली दत्ताच्या पादुका आहेत.

निवृत्त_ओव्हरसियर
५ जून, रात्री ९:३५

मग तुमची पुढची निम्मी लाइन, म्हणजे सोप्याखालची, बहुधा ठणठणीत आहे. शहाबादीला हात लावू नका.

मागचं चेंबर भरलेलं आणि पुढचं कोरडं, याचा अर्थ अडथळा त्या दोघांच्या मध्ये, आणि उंबर बोळाला लागून आहे म्हणजे बहुधा बोळातच. तुंबलेल्या जागेच्या वरच्या अंगाला घरातलं जे तोंड सगळ्यांत खाली असेल, पाणी तिथूनच उलटतं. तुमच्याकडं ती न्हाणी. गडगड म्हणजे अडकलेली हवा वाट शोधतेय. आणि उन्हाळ्यात वाढतं याचा अर्थ झाड ओल शोधतंय. आपल्या काळ्या मातीला भेगा पडतात, वरची ओल जाते, आणि जमिनीखाली बारमाही ओल असते ती सांडपाण्याच्या जोडाजवळ. मुळी पाईप फोडून येत नाही. जोड झिरपायला लागला की केसाएवढी फट पुरते. आत आल्यावर तिला खतपाणी सगळं मिळतं.

स्प्रिंगनं तुम्ही त्या मुळीला भोक पाडत होतात. पाणी जायचं, मुळी तशीच राहायची, तीन आठवड्यांत भोक बुजायचं.

आता मुद्द्याचं. दोन काटकोन आहेत म्हणता आणि मधे चेंबर नाही म्हणता. हे पटत नाही. १९५८ सालचा गवंडी शिकलेला नसेल, पण वळणावर चेंबर ठेवायचं त्याला पक्कं ठाऊक होतं. तुमच्या बोळात किमान एक झाकण आहे. कुणीतरी पुरलंय.

विश्रामबागची_लेक
६ जून, दुपारी १:१०

मधे बोलते, कारण "हवा वाट शोधतेय" वाचून आमच्या आईबाबांच्या बिल्डिंगचं आठवलं. १९८४ ची इमारत, चार मजले, बिडाचे उभे पाईप, शिशाचे जोड. तिथं सहा महिने तळमजल्याच्या दोन्ही घरांत घाण वास येत होता आणि तुंबलेलं काहीच नव्हतं. तीन प्लंबर झाले. चौथा वर गच्चीत गेला. उभ्या पाईपचं टोक गच्चीच्या वर उघडं असतं, हवा आत-बाहेर व्हायला. गच्चीचं वॉटरप्रूफिंग करताना कामगारांनी ते टोक सिमेंटनं बंद करून टाकलं होतं. हवा मिळेना म्हणून वरून पाणी सुटलं की ते खालच्या नहाणी ट्रॅपमधलं पाणी ओढून न्यायचं. ट्रॅपमध्ये जे दोन इंच पाणी थांबतं तेच वासाला अडवतं. ते गेलं की गटार आणि घर यांत आडकाठी काहीच नाही.

पाईपचं तोंड उघडल्यावर दोन दिवसांत वास गेला. मात्र त्या निमित्तानं बिडाचा पाईप तपासला तर चार इंची पाईपात आतून गंजाचे फोड येऊन जेमतेम अडीच इंच वाट उरली होती. बाहेरून रंग लावलेला, एकदम नवा दिसायचा. आता सोसायटीत कुणी किती द्यायचं यावर बैठका चालल्यात. तळमजलावाले म्हणतात सगळ्यांचं पाणी आमच्या डोक्यावर, वरचे म्हणतात आम्हाला त्रास नाही. पाईप सगळ्यांचा आहे. पैसेही सगळ्यांनीच द्यायला हवेत असं माझं स्पष्ट मत.

साताऱ्याचा_उतार
६ जून, सायंकाळी ६:२५

आमचं दुखणं वेगळं. घर साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला, रस्त्यालाच एवढा चढ की लाइनला उताराची ददात नाही. तरी जोराच्या पावसात खालच्या अंगणातलं चेंबर झाकण उचलून वाहायला लागायचं. उन्हाळ्यात काही नाही.

कारण घरच्यांनीच करून ठेवलं होतं. कौलं काढून स्लॅब टाकला तेव्हा पन्हळीचं पाणी सोयीसाठी संडासाच्या लाइनला जोडलं. एक हिशेब करून बघा. १००० चौरस फुटांचा स्लॅब आणि तासाला ५० मिलिमीटर पाऊस, म्हणजे तासाला साधारण ४६०० लिटर पाणी. घरातली चार माणसं अख्ख्या दिवसात वापरतात त्याच्या कितीतरी पट, एका तासात, चार इंची पाईपातून. ते पाणी वेगळं काढून परड्यात सोडलं, तेव्हापासून चेंबर शांत आहे. ज्यांना फक्त पावसात त्रास होतो त्यांनी आधी छपराचं पाणी कुठं जातं ते बघावं.

गावभागकर
८ जून, रात्री १०:०५

काका, झाकण सापडलं.

परवा रात्री जेवताना आईला विचारलं. ती आधी नाही म्हणाली. मग घास हातात धरून म्हणाली, "अरे, बोळात बिडाचं झाकण होतं की. त्यावर चौकटी-चौकटीची नक्षी होती. तुझ्या आजीनं मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं, यावर वाळवण पसरायचं नाही." काल सकाळी काठी टेकत बोळात आली आणि तुळशीच्या कट्ट्यापासून चार पावलं मोजून थांबली. पन्नासएक वर्षांपूर्वीची पावलं.

पहारीच्या बुडानं फरशी ठोकत गेलो. सगळीकडं ठण् ठण्, आईच्या काठीपासून हातभर अंतरावर ढब् आवाज आला. २००९ साली बोळात फरशी करून घेतली होती. तेव्हाच्या ठेकेदारानं झाकणावर गोणपाट टाकून सरळ माल ओढला आणि फरशी बसवली होती. मी त्या वेळी पुण्यात होतो, बाबा आजारी. कुणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. पंधरा वर्षं ते बंद राहिलं.

फरशी काढली, गोणपाटाचा भुगा झाला होता. झाकण उचलायला दोघं लागलो. मिस्त्रींच्या सांगण्याप्रमाणे उघडं ठेवून अर्धा तास लांब थांबलो, आत वाकलो नाही. मग बॅटरी मारली.

विटांचं चौकोनी चेंबर, दीड फूट बाय दीड फूट. मागच्या बाजूच्या पाईपच्या तोंडातून मुळ्या लोंबत होत्या, न्हाऊन मोकळ्या सोडलेल्या केसांसारख्या. हातमोजे घालून धरल्या आणि ओढल्या तर पूर्ण गुंडाळीच बाहेर आली. साडेचार फूट लांब आणि पाईपच्या आकाराची गोल, आतून कुजकट, मधोमध बोटाएवढी वाट. ती स्प्रिंगनं पाडलेली. खरवडून बघितलं. आतून पांढरी.

ती निघाल्याबरोबर मागचं पाणी आवाज करत आलं आणि पुढं निघून गेलं. आई दारात उभी राहून ऐकत होती.

मिरजेचा_मिस्त्री
८ जून, रात्री १०:४०

छान झालं. पण आज पाणी गेलं म्हणून थांबू नका, मुळी पावसाळ्यानंतर पुन्हा येईल. आता आरसा लावून बघा. परसाच्या चेंबरमध्ये एकानं पाईपच्या तोंडाशी बॅटरी धरायची, नव्या सापडलेल्या चेंबरमध्ये दुसऱ्यानं दांडीला आरसा बांधून सोडायचा. मधे वळण असेल तर त्या अलीकडचाच तुकडा दिसेल, तेवढा बघा. पाईप सरळ असेल तर आरशात उजेड पौर्णिमेच्या चंद्रासारखा गोल दिसतो. मधे पाईप बसला असेल, पाणी थांबत असेल, तर अर्धा चंद्र. हजारो रुपयांचा कॅमेरा मिळाला तर उत्तमच, पण आमच्या वस्तादानं आयुष्यभर आरशावर काम केलं.

कर्नाळ_रोड
९ जून, सकाळी ९:५०

चेंबर सापडलंच आहे तर पुराचं पण मनावर घ्या. जून सुरू झालाय.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं ते सगळ्यांना आठवतं. इशारा पातळी ४०, धोका पातळी ४५. आमच्या भागात पाणी रस्त्यावर यायच्या आधी घरात आलं. रस्ता कोरडा, आणि संडासाच्या भांड्यातून काळं पाणी वर चढतंय. नदी चढली की ती लाइनमधून मागं येते, आणि पहिलं तोंड तिला तुमच्या घरातलं मिळतं. आम्ही भांड्यात चिंध्या कोंबल्या, वर वाळूचं पोतं ठेवलं. पोतं हललं. खालच्या पाण्याचा दाब माणसाच्या जोराला ऐकत नाही.

त्यानंतर शेवटच्या चेंबरमध्ये झडपेचा व्हॉल्व्ह बसवला, नॉन रिटर्न म्हणतात तो. घरातलं पाणी बाहेर जाताना झडप उघडते, बाहेरचं आत यायला लागलं की मिटते. २०२१ च्या पुरात त्याचा उपयोग झाला. दोन गोष्टी लक्षात ठेवा. झडपेच्या बिजागरीत चिंधी किंवा गाळ अडकला तर ती मिटत नाही, म्हणून मे महिन्यात उघडून साफ करावीच लागते. आणि झडप मिटलेली असताना तुमचंही पाणी बाहेर जात नाही. त्या वेळी घरात फ्लश ओढला तर स्वतःचंच पाणी स्वतःच्या न्हाणीत.

आरोग्यसेविका_तासगाव
९ जून, दुपारी ३:३०

धागा वाचतेय, फार उपयोगाचा आहे. एकच सांगायचंय, आणि ते मनापासून.

ज्यांच्याकडं लाइन नाही, सेप्टिक टँक आहे, त्यांनी टाकी तुंबली म्हणून कुणालाही पाचशे-हजार देऊन आत उतरवू नका. घरच्या माणसानंही उतरू नये. आतल्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त असला तर नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटतं आता वायू गेला. दोन श्वासांत तो पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. मेणबत्ती सोडून बघायचा जुना प्रकारही करू नका, त्यात जळणारा वायूपण असतो.

माणसाला असं उतरवणं हातानं मैला साफ करायला लावण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूसाठी ३० लाखांची भरपाई सांगितली आहे. पैशानं काही परत येत नाही. उपसा करणारी गाडी मागवा. दोन-तीन वर्षांनी टाकी उपसून घेतली तर तुंबायची वेळच येत नाही.

निवृत्त_ओव्हरसियर
९ जून, सायंकाळी ५:००

ताईंनी लिहिलं ते प्रत्येकानं वाचावं. माझ्या ओळखीतल्या एका घरात हे झालेलं आहे. अधिक लिहीत नाही.

त्याच वायूचं अजून एक काम सांगतो. तो पाण्याच्या वरच्या मोकळ्या जागेत ओल्या सिमेंटवर आम्ल तयार करतो. म्हणून जुन्या टाकीचा स्लॅब आणि सिमेंटचे पाईप खालून न झिजता वरून, छताकडून झिजतात. वरून धड दिसणाऱ्या जुन्या टाकीच्या स्लॅबवर गाडी लावू नका, लेकरांना खेळू देऊ नका. आधी गज दिसायला लागलेत का ते झाकणातून बघून घ्या.

गावभागकर
१७ जून, रात्री ९:२०

उशीर झाला, काम चालू होतं.

आरसा लावला. सोप्याखालच्या लाइनीत पूर्ण गोल. काका, तुम्ही म्हणालात तसंच. ती ६५ वर्षांहून जुनी लाइन आजही सरळ आहे, शहाबादीला धक्का लावला नाही. बोळातल्या तुकड्यात मात्र अर्धा चंद्र, तोही तिरका. उकरल्यावर दिसलं की उंबराच्या बाजूचे चार पाईप दीड इंच खाली बसलेत आणि तिथले जोड बोट जाईल एवढे उघडे. परसाच्या चेंबरपुढच्या वळणावर मात्र चेंबर नव्हतंच, तिथं नुसता बाक होता, म्हणून तिथं नवं बांधलं.

मिस्त्री स्वतः मिरजेहून आले. काय केलं ते सविस्तर लिहितो, कुणाला लागेल.

२२ फुटांचे खापरी पाईप काढून १६० मिलिमीटरचा पीव्हीसी टाकला. भिंतीवर लावतात तो करडा पाईप घेऊन मी आलो होतो, मिस्त्रींनी परत पाठवला. तो इमारतीच्या आतल्या कामाचा, त्याचं भारतीय मानक (IS) १३५९२. जमिनीत पुरायचा वेगळा असतो, तपकिरी रंगाचा, मानक १५३२८, मातीचा भार सोसणारा. जोड रबर रिंगचे, म्हणजे काळी माती पावसात फुगली आणि उन्हाळ्यात आकसली तरी जोड थोडा हलतो, फाटत नाही. पाईपखाली चार इंच कच (दगडाचा बारीक चुरा), बाजूनं आणि वरही कच, मग मुरूम. उकरलेली काळी माती पुन्हा खड्ड्यात घातली नाही. उतार साठाला एक, म्हणजे २२ फुटांत साडेचार इंच. मला वाटायचं जितका उतार जास्त तितकं चांगलं. मिस्त्री म्हणाले, फार उतार दिला तर पाणी पुढं पळतं आणि घन मागं राहतं. नवा आणि जुना पाईप चेंबरमध्येच भेटवला, मधे जोड दिला नाही.

दोन्ही चेंबरच्या तळाला सिमेंटची अर्धगोल पन्हळ केली. आधी सपाट तळ होता, गाळ तिथंच बसायचा. मिस्त्रींनी थापीनं नव्हे, शेवटचा हात बाटलीच्या बुडानं फिरवला. काचेसारखी गुळगुळीत झाली.

शेजाऱ्यांना वाटत होतं आम्ही उंबर तोडायला सांगू. त्या काकू दोन दिवस बोलल्या नव्हत्या. तोडायची गरजच नाही हे सांगितल्यावर त्यांनीच कामगारांना चहा दिला. झाडाचा दोष नव्हता, जोड आमचे गेले होते.

एकूण खर्च ४३ हजार. दाराच्या चेंबरमध्ये झडप बसवायची ती पुढच्या आठवड्यात, माल यायचाय.

साताऱ्याचा_उतार
१७ जून, रात्री ९:५५

फार समाधान वाटलं वाचून. एक शंका. वरचा फ्लश टँक बदलायचा विचार आहे का? आम्ही कमी पाण्याचा बसवला, तीन आणि सहा लिटरचा, आणि जुन्या लाइनीत अडकायला लागलं.

निवृत्त_ओव्हरसियर
१८ जून, सकाळी ८:३०

होतं असं. जुन्या टाक्या दहा-बारा लिटर सोडायच्या, लाइन त्या हिशेबानं रुंद टाकलेली. सहा इंची खरबरीत पाईपात तीन लिटरनं घन ढकललं जात नाही. पाणी वाचवायलाच हवं, फक्त लांब जुन्या लाइनीवर घनासाठी सहा लिटरचंच बटण दाबायची सवय घरात लावा, आणि न्हाणीचं पाणी शक्यतो संडासाच्या वरच्या अंगाला जोडलेलं असू द्या. अंघोळीचं पाणी लाइन धुऊन नेतं.

विश्रामबागची_लेक
१८ जून, सकाळी १०:१५

कालच्या बैठकीत हा धागा वाचून दाखवला. तळमजला ते चौथा, सगळे सारखे देणार असं ठरलं. बिडाचा पाईप दिवाळीआधी बदलतोय.

गावभागकर, नकाशा काढलात का? काकांनी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं.

गावभागकर
१८ जून, रात्री ८:००

काढला ताई. रविवारी टेप लावून सगळं मोजलं. चेंबर भिंतीपासून किती फुटांवर, किती खोल, पाईप कुठला, वळण कुठं. झाकणांवरची फरशी आता चिकटवलेली नाही, कडी लावून सुटी ठेवली आहे.

खात्रीसाठी संडासात बादलीभर पाण्यात रांगोळीचा लाल रंग कालवून ओतला. मुलगी घड्याळ घेऊन दाराच्या चेंबरवर, मी मागं, आई मधे तुळशीपाशी खुर्ची टाकून. बोळातल्या झाकणाखालून लाल पाणी गेलं तेव्हा आईनं हात वर केला. दारात पोचायला ४१ सेकंद लागले. तो आकडा आणि तारीखही नकाशावर लिहिली आहे, दर वर्षी मे महिन्यात पुन्हा मोजायचं ठरलंय. नकाशा लॅमिनेट करून लाइटच्या मीटरच्या पेटीत दाराला आतून चिकटवला. आईच्या सांगण्यावरून त्यावर तुळशीचा कट्टाही काढला आहे, आणि तिथून चार पावलं असं लिहिलंय.